कुणाचं बघून तुम्ही नेमकं काय उचललंत? (थोर पुरुष शक्यतो नकोत)

शेवंतीची_वेणी (धागाकर्ती)

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांसाठीचा एक तास यंदा माझ्या गळ्यात पडला आहे. विषय कमिटीनं आधीच ठरवून टाकलाय: 'आपले आदर्श'. वयोगट आठ ते तेरा. मागच्या वर्षी याच विषयावर एका गृहस्थांनी शिवाजी महाराजांपासून कलामांपर्यंत सगळे अर्ध्या तासात उरकले. मुलं तोवर मंडपाच्या झालरीचे मणी तोडत बसली होती. शेवटी "मग तुम्ही कोण होणार?" असं विचारल्यावर एक पोरगं उठून "यूट्यूबर" म्हणालं आणि कार्यक्रमातल्या सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.

मला भाषण करायचं नाहीये. चरित्र वाचून अंगावर काटा येतो हे खरं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आपण त्यातलं काय करतो? मी माझ्यापुरतं आठवून पाहिलं तर भलतंच काहीतरी सापडलं. माझी मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होती. घरात कुणालाही गोळी द्यायची झाली की ती पाकिटावरचं नाव आणि मुदतीची तारीख मोठ्यानं वाचायची, मगच गोळी हातावर ठेवायची. साधी डोकेदुखीची गोळी असली तरी. 'असं करत जा' असं ती मला एकदाही म्हणाली नाही. आज मीही वाचते, मोठ्यानंच, आणि नवरा हसतो.

तर प्रश्न असा: कुणाचं तरी बघून तुम्ही उचललेली आणि अजून टिकलेली एखादी गोष्ट सांगा. छोटी चालेल. थोर पुरुष नकोत, ते पुरवायला कमिटी समर्थ आहे.

खवचट_खोत

'आदर्श' म्हटलं की मला कुलाब्यातली त्याच नावाची 31 मजली इमारत आठवते. मुलांना तीच दाखवून आणा. 2010 मध्ये तिच्यापायी मुख्यमंत्र्यांची खुर्ची गेली होती, धडा कायमचा लक्षात राहील. (हलके घ्या.)

सांजवात

नर्स मावशी आवडली.

आमचा आदर्श भिंतीपलीकडेच राहायचा. जोशीकाकूंचा मुलगा. पाचला उठतो, पालेभाजी मागून खातो, अक्षर मोत्यासारखं. मी त्याच्याकडून काय उचललं म्हणाल, तर फक्त राग. गंमत म्हणजे आज तो माझ्याच ऑफिसात आहे आणि काकू अजून त्याला तिसऱ्याच कुणाचं तरी उदाहरण देतात. तेव्हा मुलांसमोर 'त्याच्याकडे बघ जरा' हे वाक्य तेवढं टाळा.

लेथवाला

पिंपरीला एका कारखान्यात टूलरूममध्ये अप्रेंटिस होतो. आमचे फोरमन बोलायचे कमी, आणि बोलले तर शिव्याच. पण पाळी संपायला वीस मिनिटं राहिली की ते स्वतःचं लेथ साफ करायला घेत. आधी ब्रशनं धातूचा कीस खाली ओढायचा (हातानं कधीच नाही, हात फाटतो), मग वेस्टनं (सुताच्या गुंत्यानं) बेड पुसायचा, मग तेलाचा हात. सगळ्यात शेवटी चकची (काम पकडून फिरणाऱ्या तोंडाची) चावी चकमधून काढली आहे ना, हे डोळ्यांनी बघून झाल्यावर पुन्हा हातानं चाचपून बघायचे. चावी चकमध्ये राहिली आणि पुढच्या पाळीच्या माणसानं मशीन चालू केलं तर ती गोळीसारखी सुटते. ज्याला लागायची तो माणूस यांना कधी दिसणारही नव्हता, हे घरी गेलेले असणार.

फोरमनना मदतनीस होता, मशीन पुसणं हे काही त्यांचं काम नव्हतं. मी आता एका वर्कशॉपचा मालक आहे, तरी सीएनसी मशीनसमोरचा कीस स्वतः ओढतो. माझी पोरंही ओढतात. तसा नियम लिहून लावलेला नाही.

तळ्यातमळ्यात

लेथवाला, झकास प्रतिसाद. पण मालक समोर झाडू घेऊन उभा राहिल्यावर नोकराची काय बिशाद न ओढायची? त्याला आदर्श म्हणायचं की दबाव?

लेथवाला

सुट्टीवर गेलो की सीसीटीव्हीवर बघतो. तेव्हाही ओढतात. (सीसीटीव्ही आहे हे त्यांना ठाऊक आहे, हे मान्य.)

दादरकर

थोर पुरुष नकोत म्हणालात, पण आमच्या शिवाजी पार्कातला माणूस चालेल ना? रमाकांत आचरेकर सर. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बोलर सचिनला बाद करेल, नाणं त्याचं. कुणालाच जमलं नाही तर सचिनचं. अशी 13 नाणी सचिननं जपून ठेवली आहेत, हे सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र निवृत्तीच्या वेळचं, 2013 चं वानखेडेवरचं भाषण जास्त लक्षात राहिलंय. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. अर्धा दिवस शिवाजी पार्क, अर्धा दिवस आझाद मैदान. दुसरी, 29 वर्षांत सर त्याला एकदाही 'छान खेळलास' म्हणाले नाहीत, डोक्यात हवा जाईल म्हणून.

मी गल्लीतल्या पोरांना कोचिंग करतो. दुसरी गोष्ट उचलली आहे. कौतुक नाही.

सांजवात

दादरकर, इथे मात्र कडाडून विरोध. उचलायचीच तर स्कूटर उचला की! उन्हात पोराला मागे बसवून मैदानं पालथी घालणारा माणूस गप्प राहिला तरी पोराला कळतं, या माणसानं आपल्यासाठी दिवस घातला. आमच्या वडिलांनी न बोलण्याचा अर्धा भाग तेवढा घेतला होता, स्कूटरचा पत्ताच नव्हता. कौतुक न करणं फुकट पडतं, म्हणून ते सगळ्यांना जमतं.

तळ्यातमळ्यात

सांजवात +१००. हा प्रतिसाद फ्रेम करून लावा.

दादरकर

स्कूटर नाही माझ्याकडे. लोकलनं नेतो, चालेल का? (चिडून लिहीत नाहीये, विचारात पाडलंत.)

वऱ्हाडी_ठेचा

काहून थोर पुरुष नको बाप्पा? शेंडगाव आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे गाडगेबाबांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बाबा गावात शिरले की आधी खराटा. कुणी विचारो न विचारो, रस्ता झाडायला सुरुवात. कीर्तन रात्री. ते कीर्तनही निम्मं लोकांकडूनच वदवून घ्यायचे, प्रश्नावर प्रश्न टाकून. आणि या माणसाच्या पाया पडायला कुणी वाकलं की काठी उगारायचे! मी कुणाचा गुरू नाही, माझा कुणी शिष्य नाही, हे शेवटपर्यंत सांगत राहिले. 1956 साली गेले. धर्मशाळा बांधल्या पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला, पण स्वतःसाठी फुटकं गाडगं आणि चिंध्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर 1949 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली करून मोकळे झाले.

आता त्यांचे पुतळे आहेत, पुतळ्यांना हार आहेत, जयंतीला पाया पडणं आहे. काठी उगारायला बाबा नाहीत ना! आमच्या गावी जयंतीच्या दिवशी पाहुणे हातात कोरा खराटा धरतात, फोटो होतो, खराटा परत गोडाऊनमध्ये. चौक आदल्या रात्री सफाई कामगारांनी झाडून ठेवलेला असतो, पाहुण्यांच्या चपलेला धूळ लागू नये म्हणून.

शेवंतीची_वेणी

थोर पुरुष नकोत म्हटलं होतं मी! पण काठीचा भाग मुलांना सांगणार हं, त्यांना भयंकर आवडेल.

पुणेरी_पाटी

जाता जाता, आमच्या सोसायटीत एक वडील रोज मुलाला शाळेत सोडतात. हेल्मेट आरशाला लटकवलेलं, गाडी उलट्या दिशेनं, आणि मुलाच्या दप्तरावर 'वाहतुकीचे नियम पाळा' हे शाळेनं दिलेलं स्टिकर. आदर्श म्हणतात तो हाच.

खवचट_खोत

पुणे आणि हेल्मेट हे दोन शब्द एका प्रतिसादात आले. आता धाग्याचा काश्मीर होणार, भांडण संपायचं नाही. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

नगरी_नाना

काश्मीर होण्याआधी मूळ विषयाला धरून थोडं लांबलचक लिहितो. मी मृदसंधारणाच्या कामात नोकरी केली, त्यामुळे आदर्श गावं बघायला येणाऱ्या बसगाड्या फार जवळून पाहिल्या.

लोक हिवरे बाजारला येतात आणि समजतात की हे सगळं पोपटराव पवारांच्या डोक्यातून 1989 मध्ये, सरपंच झाल्या दिवशी, एकदम उगवलं. मागची साखळी कुणी बघत नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे नावाच्या अभियंत्यानं पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम आजही चक्रावून टाकतो: पाणी जमिनीच्या हिशेबानं वाटायचंच नाही, माणसांच्या हिशेबानं वाटायचं. माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. आणि ऊस बंद. अण्णा हजारे लष्करातून परत आले 1975 मध्ये. राळेगणला त्यांनी आधी स्वतःच्या फंडाच्या पैशातून देऊळ दुरुस्त केलं, आणि पाण्याचं काम हाती घेताना साळुंख्यांचं बघितलं. हिवरे बाजारनं पुढे राळेगणचं बघितलं. म्हणजे तिघांनी एकमेकांचं उचललं, पण जसंच्या तसं कुणीच उचललं नाही. हिवरे बाजारनं त्यात पाण्याचा ताळेबंद घातला: पाऊस किती पडला ते मोजायचं, प्यायचं पाणी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यात रब्बीला काय घ्यायचं ते ग्रामसभेनं ठरवायचं. पाऊस कमी तर पेरा कमी. शेतीसाठी बोअर पाडायची नाही. ऊस नाही, केळी नाही.

आता बसगाड्यांकडे येतो. पाहुणे काय बघतात? बंधारे, सलग समतल चर (उतारावर आडवे खणलेले), झाडी. फोटो, जेवण, आणि परत. गावी जाऊन बंधाऱ्याचा प्रस्ताव टाकतात, तो मंजूरही होतो. बंधाऱ्याला निधी मिळतो हो. बोअर न पाडण्याला कोण निधी देणार? तिथे सरपंचाला स्वतःच्या चुलत्याला नाही म्हणावं लागतं. मग दोन पावसाळ्यांत बंधारा भरतो, त्याच्या कडेनं बोअर पडतात, ऊस उभा राहतो आणि मार्चमध्ये टँकर. एका सरपंचांनी मला परतीच्या वाटेवर विचारलं होतं, "साहेब, बाकी सगळं करतो, तेवढं बोअरचं सोडून काही आहे का?"

दादरकरांची स्कूटर वाचल्यापासून तेच आठवतंय. आपण समोरच्यातलं नेमकं सोपं तेवढं उचलतो.

निवृत्त_कारकून

नाना, उत्तम प्रतिसाद. संग्रही ठेवला.

खवचट_खोत

नाना, दंडवत. (पाया पडतोय, काठी आवरा.) पण आठ वर्षांच्या पोरांना गणपतीत पाण्याचा ताळेबंद?

नगरी_नाना

का नाही? सोसायटीची टाकी दाखवा. कोण गाडी धुतो, कोण पाइप चालू ठेवून फोनवर बोलतो, सगळं पोरांना आधीच ठाऊक असतं.

शेवंतीची_वेणी

नाना, पाइपवाले आमचे अध्यक्ष आहेत. 😐

अबोली७

कुणी लिहिलंच नाही म्हणून लिहिते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली, साताऱ्याला वसतिगृह चालवलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवली. थोरच. पण वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ही गोष्ट आम्हाला शाळेत 'पतीला साथ' या सदरात शिकवली. त्या 1930 मध्ये गेल्या. परक्यांच्या मुलांसाठी रोज चुलीपुढे उभी राहणारी बाई स्वतःच्या हिमतीवर आदर्श ठरत नाही का? सतत कुणाच्या तरी मागेच का उभी करायची?

कर्व्यांकडेही तेच. 1893 मध्ये धोंडो केशवांनी विधवेशी लग्न केलं हे सगळे सांगतात. त्या लग्नात आनंदीबाईंनीही तेवढाच बहिष्कार सोसला, आणि पुढे स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं. ते वाचल्यावर अण्णा कर्व्यांच्या संसारात पै-पैशाची ओढाताण कुणी निभावली ते कळतं. मुलांना सांगताना निम्मी उदाहरणं बायकांची घ्या एवढंच म्हणणं.

तळ्यातमळ्यात

अबोली, मुद्दा पटला, पण मंगळसूत्र मोडणं हा आदर्श मुलींपुढे ठेवायचा का? स्वतःचं सगळं देऊन टाकणारी बाई ही आपल्याकडे आधीच फार लाडकी आहे.

अबोली७

देऊन टाकणं शिकवू नका. मंगळसूत्र मोडायला त्या काळी काय छाती लागली असेल ते सांगा. नवरा जिवंत असताना! गाव काय बोललं असेल?

निवृत्त_कारकून

कर्व्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. अण्णा कर्वे फर्ग्युसनात गणित शिकवायचे आणि हिंगण्याहून पायी यायचे-जायचे. थोरला मुलगा रघुनाथ हाही गणिताचाच प्राध्यापक. त्यानं 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं ते 1953 पर्यंत, खटले झाले, नोकरी आधीच गेली होती. वडिलांचं काम त्यानं पुढे नेलं नाही, विषयही असा घेतला की घरातल्यांनाही अवघड वाटावा. पण सगळं गाव विरुद्ध असताना एकट्यानं चालत राहायचं, हे त्यानं कुठे पाहिलं असेल ते उघड आहे. माझा मुलगा माझ्यासारखा कारकून झाला नाही याचं वाईट वाटायचं बंद झालं ते रघुनाथरावांबद्दल वाचून.

खवचट_खोत

काका, तुमच्या मुलानं तुमचं काय उचललं मग?

निवृत्त_कारकून

प्रत्येक पावतीच्या मागे तारीख लिहितो. अमेरिकेत. सून वैतागते.

म्हापशेकार

आमचे पपा नुस्तेकान्नीकडे कधी भाव करायचे नाहीत. उन्हात बसून मासळी विकणाऱ्या बाईशी दहा रुपयांवरून हुज्जत कसली, म्हणायचे. मीही करत नाही. बायको म्हणते, तुझी आई भाव करायची म्हणून तुझ्या पपांना आदर्श राहणं परवडलं.

सांजवात

म्हापशेकार, वहिनींना आयडी काढून द्या.

गुरुजी_झेडपी

उशिरा येतोय. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. 'आदर्श' या शब्दाशी आमचा सरकारी संबंध आहे, कारण आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी प्रस्ताव शिक्षकानं स्वतः सादर करायचा असतो. फोटो, कात्रणं, प्रमाणपत्रं, उपक्रमांचे अहवाल. माझ्या ओळखीच्या एकानं शेजारच्या शिक्षकाकडून एवढंच उचललं की फाईल स्पायरल न करता हार्डबाउंड करायची.

दुसरी बाजूही आहे. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, 10 लाख डॉलरचं, आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकली. माझ्या वर्गात ती बातमी वाचून दाखवली तेव्हा एका मुलीनं विचारलं, "मग दुसरा नंबर कोणाचा आला?" तिला उत्तर देता येईना, सगळेच दुसरे.

मूळ प्रश्नाचं उत्तर. पोषण आहार मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चाखून चव रजिस्टरमध्ये नोंद करायची असते. बहुतेक ठिकाणी एक चमचा आणि 'चव चांगली' अशी सही. मी नवीन होतो तेव्हाच्या आमच्या मुख्याध्यापक बाई चमच्यावर थांबायच्या नाहीत. ताट घेऊन मुलांच्या पंगतीत बसायच्या आणि पूर्ण जेवायच्या. घरचा डबा आणायच्याच नाहीत. खिचडीत मटकी कच्ची असेल तर त्यांच्याही दाताखाली यायची. स्वयंपाकीणबाईंना त्या कधी रागावल्याचं आठवत नाही, पण बाई पंगतीला आहेत म्हटल्यावर मटकी रात्रीच भिजायला पडायची. त्यांची बदली झाली. मी पंगतीत बसतो. मुलं ताट पुढे करताना आधी माझ्या ताटात काय पडलंय ते बघतात.

लेथवाला

गुरुजी, तुमच्या बाईंना आणि आमच्या फोरमनना एका खोलीत बसवायला हवं होतं. दोघंही काही बोलले नसते.

बेएरियातली_बाय

आमच्या महाराष्ट्र मंडळात एक ज्येष्ठ बाई आहेत. दिवाळीचा कार्यक्रम संपला की सगळे जेवणाच्या रांगेकडे पळतात, आणि या पैठणी कमरेला खोचून खुर्च्या मिटायला लागतात. हॉल दहाला रिकामा करून द्यायचा असतो. पहिली काही वर्षं त्यांच्याभोवती चारदोन माणसं, आता अख्खी ओळ उभी राहते. माझी टीनेजर लेक, जी घरात स्वतःचा कप उचलत नाही, ती तिथे खुर्च्या मिटते. घरी का नाही विचारलं तर म्हणे, "इकडे तू खुर्ची मिटतेस कुठे? तू फक्त मला सांगतेस."

तळ्यातमळ्यात

बाय, तुमची लेक खवचट_खोत यांची नातेवाईक आहे का?

शेवंतीची_वेणी

सगळ्यांचे मनापासून धन्स. ठरलं ते सांगते.

भाषण नाही. मुलांचे गट करून त्यांना सोसायटीत सोडणार. त्यांनी मोठ्यांना एकच प्रश्न विचारायचा: "तुम्ही कुणाचं बघून काय शिकलात आणि ते अजून करता का?" 'अजून करता का' हे महत्त्वाचं, नाहीतर लोक सुविचार सांगतील. अबोलीचं ऐकून निम्म्या बायका असल्याच पाहिजेत अशी अट घातली आहे. वॉचमनकाका, कचरा गोळा करणाऱ्या ताई, इस्त्रीवाले यांनाही विचारायचं. मग मंडपात मुलं वाचून दाखवतील. गाडगेबाबांची काठी मी पाच मिनिटांत सांगणार, वऱ्हाडीभाऊंच्या नावानं.

काल दोन मुलांना घेऊन चाचणी करून पाहिली. इस्त्रीवाले म्हणाले, त्यांचे वडील कपडा घडी करण्याआधी प्रत्येक खिशात हात घालायचे. कशासाठी, असं मुलांनी विचारलं. नोट निघाली तर परत द्यायला, आणि पेन निघालं तर शाई लागू नये म्हणून. हेही अजून घालतात. डब्यात वेगवेगळ्या फ्लॅटची नाणी, चिठ्ठ्या, एक कानातलं असं सगळं पुड्या करून ठेवलेलं निघालं. कानातलं आमच्याच विंगमधलं होतं!

अडचण एकच. अध्यक्षांचं म्हणणं, कार्यक्रमाच्या शेवटी एका 'आदर्श रहिवाशा'चा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायला हवा. आणि सत्कारमूर्ती कोण असावा याबद्दल त्यांच्या मनात एक नाव आहे, असं सेक्रेटरी म्हणाले.

पुणेरी_पाटी

पाइपवाले?

शेवंतीची_वेणी

मी काही बोललेले नाही.

वऱ्हाडी_ठेचा

शाल राहू द्या. खराटा द्या भेट म्हणून, फोटो मी काढतो.

नगरी_नाना

आणि फोटो झाल्यावर खराटा परत घेऊ नका.